रिकाम्या टेम्पोवरची ताडपत्री

१

"मॅडम, साधी केस आहे," ठाण्याच्या ऑफिसातून साहेब फोनवर म्हणाले. "पिवळ्या पाटीचा मालाचा टेम्पो. घरचे लोक बसवून देवीच्या दर्शनाला गेलेले. शेणव्याच्या अलीकडच्या वळणावर कलंडला, एक माणूस गेला. त्याच्या बायकोनं स्वतः पोलिसांना सांगितलंय, आम्ही गाडीवाल्याचे घरचे. तुम्ही फक्त जाऊन दोन जबाब घेऊन या, की संपलं."

मी प्रेमा भेरे. शहापुरात राहते आणि विमा कंपन्यांसाठी अपघातांचा तपास करते. कंपनीला माझ्याकडून बहुतेक वेळा 'नाही' एवढा एकच शब्द हवा असतो. तो मी पुष्कळदा देतेही, कारण लोक खोटं बोलतात आणि खोट्याची मला मनस्वी चीड आहे. मोडलेला पाय दाखवायला आणून चहा आणायला टुणटुण पळत जाणारे महाभाग मी पाहिलेत.

नियम तसा सोपा आहे. पिवळ्या पाटीचा टेम्पो सरकारदरबारी धंद्याची गाडी म्हणून नोंदलेला असतो, आणि तोही मालाच्या धंद्याची. मालाचा धनी आपल्या मालासोबत केबिनमध्ये बसला, तर विमा त्याला धरतो. पण तोच टेम्पो घरची गाडी असल्यासारखा वापरला, त्यात मावशी-मामे भरून लग्नाला, देवाला निघालात, तर त्यांचा विमा नाही. मग भरपाई गाडीमालकाच्या डोक्यावर बसते. आणि गाडीमालकाकडे गाडीशिवाय असतं काय?

साहेबांनी नावं सांगितली. टेम्पो स्वतः चालवणारा मालक भगीरथ विशे, राहणार शेणवा. मेलेला लखमा खांडवी, सिद्धगडाखालच्या ठाकरवाडीतला. जखमी त्याची बायको सावळी. लखमा आणि भगीरथ यांचं नातं: मावसभाऊ.

कप्पाळ माझं! ठाण्यात बसलेल्या माणसाला ती नुसती नावं. पण आमच्या तालुक्यात कोणालाही विचारा. शेणव्याचे विशे शेतीवाडीचे कुणबी, खांडवी डोंगरातले ठाकर. एकमेकांच्या ओटीवर बसतील, दुःखाला धावून जातील, पण मावसभाऊ? कोणत्या मावशीचे, बाई?

लोक विम्यासाठी खोटं बोलतात हे मला पाठ होतं. इथं तर खोटं बोलून ही माणसं स्वतःच्या हातानं विमा घालवत होती. असं खोटं मी आजवर पाहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि स्कूटी काढली.

२

टेम्पो पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात उभा होता. डावं दार आत गेलेलं, समोरची काच नाही. अपघात दसऱ्याच्या आदल्या दिवशी झालेला, नवमीला. समोरून भरधाव डंपर आला, भगीरथनं गाडी बाजूला घेतली, चाक साइडपट्टीवरून घसरलं आणि टेम्पो डाव्या अंगावर पडला. केबिनमध्ये तिघांची परवानगी होती आणि तिघंच होते. दाराशी बसलेला लखमा बाहेर फेकला गेला. यात कोणाचं दुमत नव्हतं.

मागचा हौदा रिकामा. हवालदार म्हणाला, "आम्ही पोचलो तेव्हापण रिकामाच होता." पण हौद्यावर निळी ताडपत्री होती, फाटलेली, आणि तिची दोरी सगळ्या आकड्यांमधून ओवून गच्च बांधलेली.

रिकाम्या टेम्पोला ताडपत्री कशाला बांधली असेल? नवमीला पावसाचा टिपूस नव्हता. देवीला निघालेला माणूस असली उठाठेव करत नाही.

हौद्याच्या कोपऱ्यात, खिळ्याला, सालीची एक पट्टी अडकली होती. तांबूस, चिवट, गाठ मारलेली. ना सुतळी, ना प्लास्टिक. ती मी पर्समध्ये टाकली आणि शेणव्याला गेले.

भगीरथ घरीच होता. चाळिशीचा, धिप्पाड, पण उन्हात नजर खाली घालून बसलेला. त्याची बायको अनिता पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली.

"कोण लागत होता लखमा तुमचा?"

"घरचाच, ताई."

"घरचा म्हणजे?"

"मावसभाऊ."

"मावशीचं नाव?"

तो अनिताकडे बघायला लागला. अनिता आत गेली.

"माल काय होता गाडीत?"

"माल नव्हता. नवमीचं दर्शन करून आमी घराकडं येत होतो. घरचेच होतो सगळे."

"ताडपत्री बांधून दर्शन?"

भगीरथच्या तोंडचं पाणी पळालं. मग कसंबसं म्हणाला, "ताई, माझी आधी पांढऱ्या पाटीची जीप होती. किन्हवली-शहापूर शिटा मारायचो. ती विकून ह्यो टेम्पो घेतला, म्हणलं कायद्यानं धंदा करू. मी कुणाचं वाईट केलं नाय. लखमा माझ्या मांडीवर गेला, एवढंच खरं."

तो रडायला लागला. रडणं खरं होतं. पण मावशी खोटी होती, आणि काही केल्या ती त्याला सोडवत नव्हती.

३

सिद्धगडाच्या पायथ्याशी रस्ता संपतो तिथे स्कूटी लावली आणि पाऊलवाटेनं वर गेले. सावळी अंगणात सरपणाचा भारा सोडत होती. तिशीची असेल. खांद्याला पट्टा, एक हात गळ्यात, काम दुसऱ्या हातानं चाललेलं.

दिवाळीची सुट्टी होती म्हणून मुलगी जना आश्रमशाळेतून घरी आलेली. नऊ-दहा वर्षांची. माझ्या हेल्मेटवर काय लिहिलंय ते इंग्रजी अक्षरं लावून वाचत होती, आणि वाचून झाल्यावर आईकडे बघून हसली. मला ती पोरगी तिथंच आवडली.

"पाचवीत हाय पुढल्या साली," सावळी म्हणाली. "तिचा बा बोलायचा, हिला नर्स करायची. आता कुठली नर्स! तुळशीचं लगीन झालं का भट्टीची गाडी येल. भिवंडीकडं. हिला पण न्याया लागंल. मी एका हातानं विटा थापू का चिखल करू? दोन माणसं नसली तर मुकादम घेत नाय."

"विम्याचे पैसे मिळाले तर?"

"तर कशाला नेईन बाय? तर ती शाळंतच राहील."

झालं. आता माझ्या कामाला तोंड फुटलं. कंपनीचा 'नाही' म्हणजे ही पोरगी वीटभट्टीवर. मी जमिनीवरच बसले.

"सावळी, भगीरथ तुमचा कोण?"

तिचा चेहरा एकदम कोरा झाला. पाठ म्हणून दाखवावा तसं ती बोलली, "आमी घरचीच, सायब."

मी साहेब नव्हते. समोर साडी नेसून बसलेली बाई होते. तरी ती 'सायब' म्हणाली. हे वाक्य माझ्यासाठी नव्हतंच.

"गाडीत काय होतं?"

"काय नाय."

"काहीच नाही?"

"आमी घरचीच, सायब."

सोडलेल्या भाऱ्याकडे माझं लक्ष गेलं. तो ज्या पट्टीनं बांधला होता ती तांबूस, चिवट सालीची होती. मी पर्समधली पट्टी काढून तिच्या शेजारी ठेवली. रंग तोच, गाठसुद्धा तीच.

"ही कशाची साल?"

सावळी उठली, जनाचा हात धरला आणि दोघी झोपडीत गेल्या. आतून कडी लागली.

४

अपघाताच्या वळणावर एकच घर आहे. पुढे पत्र्याची टपरी, मागे कुडाचं घर. हौसा नावाची म्हातारी तिथं चहा आणि भजी करते. तिला मी मावशी म्हटलं, दोन चहा घेतले, एक तिला पाजला. म्हातारीला बोलतं करायला मला कधी फार वेळ लागत नाही, पण हिनं घाम काढला.

"तुमीच पहिल्या धावलात म्हणे?"

"धावणार नाय तर काय! ह्या मांडीवर नाय तर त्या मांडीवर, माणूस मरत होता."

"ओळखीचे होते?"

"नाय गो. नावं पण ठावं नव्हती."

"मग पोलिसांना काय सांगितलंत?"

"सांगितलं ना, घरचेच होते ते."

मी चहाचा कप खाली ठेवला. "मावशी, नावं ठाऊक नाहीत, आणि घरचे आहेत हे ठाऊक?"

हौसा भजी उलटायला लागली. कढईत भजी नव्हती.

मी सरळ विचारलं, "गाडीतला माल कुठे गेला?"

"कसला माल?"

"आता हे तुम्हीच सांगायचं. हौदा गच्च भरलेला होता. पोलीस येईपर्यंत तो रिकामा झाला. रस्त्यावर दुसरं घर नाही."

"मी चोर हाय का गो?" म्हातारी कडाडली. "सत्तर वर्सं ह्या वळणावर राहिले, कुणाची काडी घेतली नाय!"

ती इतकी दुखावली की मलाच वाईट वाटलं. मी क्षमा मागून उठले. जाताना पाया पडायच्या निमित्तानं आत तिच्या देवाकडे गेले. देव्हाऱ्यात आपट्याची वाळलेली पानं होती. ती दसऱ्यानंतर कोणाच्या घरी नसतात? माझ्याही कपाटात आहेत.

मग सहज वर बघितलं. माळ्यावर, कांद्याच्या टोपलीमागे, आपट्याच्या फांद्यांचे भारेच्या भारे रचले होते. पानं वाळून तपकिरी झालेली, पण दोन पाकळ्यांचं ते पान कोण ओळखणार नाही! दसऱ्याला एका घराला मूठभर पानं लागतात. इथं निम्म्या शहापूरला वाटता येईल एवढं सोनं पडलं होतं. आणि प्रत्येक भारा तांबूस सालीनं बांधलेला. आपट्याचीच साल, सोलून वळलेली.

मागे हौसा उभी होती. राग गेला होता, डोळे भरले होते.

"जाळायचं कसं गो?" ती म्हणाली. "सोनं हाय ते. चुलीत घालता येत नाय, पायाखाली टाकता येत नाय. किती दिस झाले, वर ठेवलंय. कुणाला सांगू नको."

५

परत निघाले तर स्कूटी पंक्चर. ती हौसाच्या टपरीशी लावली आणि मिळाली त्या जीपला हात केला. पांढऱ्या पाटीची खासगी जीप, आत आधीच दहा माणसं. मी अकरावी. मला जिनं जागा दिली तिच्या मांडीवर कोंबडी होती.

शहापूर जवळ आलं तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला. पुढे वाहतूक पोलीस. ड्रायव्हरनं मागे वळून नुसतं बघितलं. बोलला काहीच नाही.

पोलिसानं खिडकीतून डोकं घातलं. "काय रे, शिटा भरल्यास?"

"नाय साहेब."

"कोण आहेत मग हे?"

आणि अख्खी जीप एका सुरात म्हणाली, "घरचेच!"

कोंबडीवाली म्हणाली, कॉलेजची पोरगी म्हणाली, धोतरवाले आजोबा म्हणाले. आणि देवाशपथ सांगते, मीही म्हणाले. प्रेमा भेरे, जिला खोट्याची चीड आहे ती! विचार करायला वेळच मिळाला नाही. लहानपणापासून ह्या रस्त्यावर जीपमधून फिरलेय, ते वाक्य जिभेवरच बसलेलं असतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्यानं बसायला बंदी, म्हणून पोलीस दिसला की आपण सगळे एका घरचे. पोलीसही हसला आणि सोडून दिलं.

मी मात्र जीपमध्ये सुन्न बसले होते. तीन माणसं तीन ठिकाणी एकच वाक्य का म्हणत होती, ते मला कळलं होतं.

एक धागा राहिला होता. शहापूरच्या बाजारात फुलं, तोरणं, पत्री विकणारा साईनाथ नावाचा व्यापारी आहे. दसऱ्याचा आपटा घाऊक तोच घेतो. त्याला विचारलं.

"लखमा ना? दर वर्षी नवमीला तोच आणतो," साईनाथ म्हणाला. "सावळी पण येते. ती मोजून दिल्याशिवाय भाऱ्याला हात लावू देत नाही. भगीरथचा टेम्पो भाड्यानं करतात. यंदा वाट बघत बसलो, आलेच नाहीत. मला वाटलं, कोणी जास्त भाव दिला. मी तर शिव्या घातल्या हो त्यांना." तो एकदम थांबला. "गेला का तो?"

त्याला ठाऊकच नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी हौसाच्या टपरीवर मी तिघांना बसवलं. भगीरथ आला, त्याच्या मोटरसायकलवर मागे सावळी. जनालाही आणली होती, ती बाकावर बसून भजी खात होती.

"आता मी बोलते, तुम्ही ऐका," मी म्हटलं. "चुकलं तर सांगा. लखमा आणि सावळीनं डोंगरात आपटा तोडला, त्याच्याच सालीनं भारे बांधले. भगीरथचा टेम्पो भाड्यानं घेतला. वर ताडपत्री टाकली, ती पावसासाठी नव्हे, वाटेत फॉरेस्टवाल्यांना फांद्या दिसू नयेत म्हणून. नवरा-बायको आपल्या मालासोबत केबिनमध्ये बसून शहापूरला निघाले. खरं?"

सावळीनं मान डोलावली.

"गाडी पडली. हौसा मावशी धावली. बघते तर रस्त्यावर सोनंच सोनं, आणि त्यात माणूस पडलेला. तिला वाटलं, मेलेल्या माणसावर फॉरेस्टची केस नको. पोलीस यायच्या आत तिनं सगळे भारे माळ्यावर चढवले. चोरी नव्हती ती."

हौसानं पदर तोंडाला लावला. "पोरगा जाताजाता पानांकडंच बघत होता गो. मला वाटलं, झाकावं."

"सावळीला दवाखान्यात पोलिसानं विचारलं, गाडीवाल्याचे तुमी कोण? ती बोलली, घरचीच. कारण भगीरथच्या जुन्या जीपमध्ये वर्षानुवर्षं तिनं तेच म्हटलेलं."

"तो मला जीपमंदी फुकट आणायचा कितींदा," सावळी पहिल्यांदा बोलली. "माझा माणूस तर गेलाच. म्हणलं, निदान ह्याच्यावर केस नको."

"आणि भगीरथ, तू ते ऐकलंस आणि तिला खोटी पाडायची नाही म्हणून मावसभाऊ जन्माला घातलास."

भगीरथनं मान हलवली. "घरचे असले का गुन्हा नाय, हेच ठावं मला. जीपला तसंच होतं ना, ताई?"

"जीपला होतं. तुझी गाडी बदलली, भगीरथ, वाक्य तेच राहिलं. ही मालाची गाडी. इथं उलटं आहे रे! इथं मालाचे धनी म्हणून बसले असते तर विमा मिळतो, घरचे म्हणून बसले की जातो. आणि मग भरपाई तुझ्यावर येते."

मला आजवरच्या तपासात शेवटी कोणीतरी चोर सापडलेला आहे. इथं चोर नव्हता. तीन माणसांनी एकमेकांचं भलं केलं होतं, आणि तिघांच्या भलेपणानं मिळून त्या पोरीची शाळा बुडवली होती. मला राग आला होता आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं.

"मंग आता खरं सांगते," सावळी म्हणाली. "कुठं सांगायचं ते सांग. आमी त्याची कोण नाय. आमी पानंवाली."

"मी पण सांगतो," भगीरथ म्हणाला.

हौसानं झारा खाली ठेवला. मग म्हणाली, "माझं नाव घालशील त्याच्यात? फॉरेस्टवाले येतील?"

मी म्हटलं, "मावशी, भारे तेवढे जपून ठेव. बाकी मी बघते." मोठ्या तोऱ्यात म्हटलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी चक्क गाणं गुणगुणत होते.

७

साहेबांनी शांतपणे ऐकलं. ताडपत्री, साल, साईनाथ, माळ्यावरचे भारे, सगळं. फोटोही बघितले.

"काम छान केलंत," ते म्हणाले. "पण मॅडम, बाईचा पहिला जबाब काय?"

"घरची. पण का, ते मी सांगितलं ना!"

"सांगितलंत. आता ती म्हणते मालाची धनीण. कोणीतरी नियम समजावला, मग तिला माल आठवला. कोर्टात आमचा वकील हेच म्हणणार. नियम कोणी समजावला हो तिला?"

मीच समजावला होता, भजीच्या कढईसमोर, सगळ्यांच्या देखत.

"फोटोत पानं आहेत," ते पुढे म्हणाले. "दसऱ्यानंतर पानं कोणाच्या घरी नसतात? तरी मी दुसरा माणूस पाठवतो. भारे बघून येईल."

दुसरा माणूस दिवाळीनंतर गेला. माळा रिकामा होता.

मी धावत हौसाकडे गेले. "मावशी, भारे कुठे?"

"नदीत सोडले गो," ती म्हणाली. चेहऱ्यावर समाधान होतं. "दिवाळी आली. मेल्या माणसाचं सोनं सणाला घरात ठेवू नये. लखमाच्या नावानं हात जोडले, दिवा सोडला आणि वाहत्या पाण्यात दिलं. पोराला शांती मिळाली असंल."

मी तिच्या पायाशी बसून राहिले. तिला वाटलं, मला उन्हाचा त्रास झालाय. तिनं मला लिंबूपाणी दिलं.

साईनाथचा जबाब कंपनीनं घेतला. पण त्या दिवशी माल त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता, मग गाडीत तो होता हे त्याला काय ठाऊक? पत्र आलं: मालाच्या वाहनाचा खासगी कौटुंबिक वापर, दावा अमान्य. भगीरथनं टेम्पो विकायला काढला, तर मोडका टेम्पो कोणी घेईना. मी सावळीला कल्याणच्या एका चांगल्या वकिलाकडे नेलं. तो म्हणाला, लढू, जिंकूही. किती वेळ लागेल असं विचारलं, तर तो पंख्याकडे बघायला लागला.

तुळशीचं लग्न झालं आणि त्यानंतर एका सकाळी मी किन्हवलीहून येत होते. नाक्यावर पोलिसांनी एक टेम्पो अडवला होता. पिवळी पाटी, मालाचा. मागच्या हौद्यात माणसं उभी, टोपल्या, कोंबड्या, भांडी, अंथरुणाची बोचकी. भट्टीची गाडी. मी स्कूटी थांबवली.

सावळी हौद्याच्या फाळक्याला धरून उभी होती, एका हातानं. दुसरा अजून वर होत नव्हता. तिच्या पुढ्यात जना, अंगात शाळेचाच फ्रॉक. तिनं मला पाहिलं आणि हात हलवला. मीही हलवला.

पोलिसानं फाळक्यावर काठी आपटली. "मालाच्या गाडीत माणसं? कोण आहात रे तुमी?"

मला ओरडायचं होतं. म्हण, मजूर आहोत. म्हण, ठेकेदारानं कोंबलंय. काहीही म्हण, बाई, पण ते नको. हा टेम्पोही पुढे कुठल्या वळणावर घसरला तर? पण मजूर म्हटलं तरी हौद्यातल्या माणसांना कोण धरणार होतं, कोणता नियम, कोणती कंपनी? सांगण्यासारखं खरं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

सावळीनं माझ्याकडे बघितलं. तीही अडली. मी शिकवलेलं तिला आठवत असावं, पण यातलं काय कुठं बोलायचं ते तिला कळेना.

पोलीस वैतागला. "अरे बोला की! कोण तुमी?"

तेव्हा जनानं आईचा पदर घट्ट धरला, मान वर केली आणि शाळेत कविता म्हणतात तशा खणखणीत आवाजात सांगितलं,

"आमी घरचीच, सायब."

पोलीस हसला. त्यानं काठी बाजूला घेतली आणि गाडी सोडून दिली.